पुढचा ब्रेक ढिला करून मिळेल

माझ्या गॅरेजच्या पाटीवर पाच कामं लिहिलेली आहेत. पाचवं वाचून परगावचे लोक हसतात. उदगीरचे लोक निमूट गाडी स्टँडला लावतात. 'पुढचा ब्रेक ढिला करून मिळेल.' ही ओळ माझ्या डोक्यातली नाही. ज्यांच्या गाळ्यात मी बसतो त्या शिवलिंग अप्पांनी स्वतः पेंटर बोलावून ती रंगवून घेतली, समाजकार्य म्हणून.

अप्पा मोंढ्यातले, म्हणजे इथल्या धान्यबाजारातले, जुने आडते. त्यांचा शब्द खाली पडत नाही, आणि गेल्या तीस वर्षांत मोटारसायकलवरून तेही कधी पडले नाहीत. याचं खरं कारण असं, की ते गाडी इतकी हळू चालवतात की ओळखीचा माणूस पायी भेटला तर दोघांचं बोलणं पुरं होतं. पण अप्पा श्रेय देतात ते पुढच्या ब्रेकला हात न लावण्याला. त्यांचा एक पुतण्या खडीवर वळता वळता पुढचा ब्रेक कचकन दाबून तोंडावर आपटला होता. खडीचं आणि वळणाचं नाव कुणी घेतलं नाही, सगळा दोष ब्रेकवर आला. तेव्हापासून पुढचा दाबला की माणूस कोलांटी खातो हे अप्पांचं मत झालं, आणि अप्पांचं मत म्हणजे मोंढ्याचं मत.

म्हणून आमच्याकडे नवी गाडी घेतली की आधी देवळापुढं नारळ, मग चाकाखाली लिंबू आणि मग माझं गॅरेज. बाप डोक्यावर उभा राहतो आणि पोरगा तरणा आहे, हात लावील, ढिला करून टाक म्हणतो. आईचा फोन येतो की केला का ढिला.

मी नांदेडला उस्तादांच्या हाताखाली सात वर्षं काढलीत. ते सांगायचे, पळता माणूस मागून सदरा ओढून थांबत नाही, तो पुढचा पाय रोवून थांबतो. गाडीचंही तेच. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं आणि नुसत्या मागच्या ब्रेकनं फरपटत जातं. सुरुवातीला मी हे सगळं गिऱ्हाइकांना समजावून सांगत असे. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि ढिला करून घेऊन जायचे. मग मीही समजावायचं सोडलं. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्वदिशा.

त्याच दिवसांत शेषेराव गुरुजी आपल्या मुलाची, भागवतची, गाडी घेऊन आले. मी नट सोडला, केबल लोंबती केली आणि हात पुसले. पंधरा दिवसांनी भागवत उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला. रस्त्यावर मागच्या चाकाचा काळा पट्टा चाळीस हात लांब होता. पायात रॉड पडला, पोरगं कायमचं लंगडं झालं. गुरुजी दवाखान्यातून सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, पुढचा ढिला होता म्हणून पायावर निभावलं, न्हाईतर पोरगं गेलं असतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

त्या दिवसापासून मी एकाही गाडीचा पुढचा ब्रेक ढिला केलेला नाही. गिऱ्हाइकासमोर नटाचे दोन आटे सोडतो, वाकून काहीतरी बघतो, तेच दोन आटे आवळतो. एखादा जास्तच सैल आढळला तर नीट करून देतो. डिस्कचा ब्रेक तर असा ढिला होतच नाही. त्यांच्यासाठी मी नुसता पान्याचा आवाज करतो, त्यांचं समाधान होतं. अकरा वर्षं झाली, कुणी पकडलं नाही. पकडणार कसं? त्यासाठी तो ब्रेक दाबून बघावा लागतो.

गेल्या वर्षी अप्पांच्या मुलीला, सुकन्याला, देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. वस्तीवस्तीवर जाऊन लस टोचायची, आणि अर्ध्या वस्त्यांना एसटी नाही. तिनं घरातली दुसरी मोटारसायकल मागितली. अप्पांनी आठवडाभर किल्ली दिली नाही. मग एक अट घातली: पुढचा ब्रेक ढिला करून घ्यायचा, आणि तसं नाही झालं तर गाडी बंद, नोकरीही बंद. ती गाडी घेऊन माझ्याकडे आली. अप्पा समोर उभे होते. मी दोन आटे सोडले, दोन आवळले.

ती गल्लीच्या टोकाला जाऊन परत आली. अप्पा तोवर मोंढ्याकडे निघून गेले होते.

"सटवाजी मामा," ती म्हणाली, "पुढचा ब्रेक लागतोय की."

अकरा वर्षांत तो दाबून बघणारी ती पहिलीच. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण पोरीचे डोळे बघून जमलं नाही. मी भागवतपासून सगळं सांगितलं. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, मग दाबायचा कसा?

मोंढ्याला सुट्टी असते त्या सकाळी आम्ही रिकाम्या आवारात गेलो. मी तिला म्हणालो, धार काढताना मूठ कशी एकेक बोटानं आवळत जाते, तसा भरत न्यायचा. आधी नुसता लावायचा, भार पुढं आला की मग जोर वाढवायचा. कचकन ओढायचा नाही. मागचा सोबतीला हलका. हँडल सरळ, नजर लांब. आणि वाळू, खडी, सांडलेलं धान्य दिसलं तर वेग तिथं जायच्या आधी मोडायचा, त्याच्यावर गेल्यावर ब्रेकला हात नाही. जनावरांतली पोरगी, मूठ तिला लगेच कळली. आठ सुट्ट्यांत ती माझ्यापेक्षा चांगली थांबायला लागली. बापाला यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. बापाला अंधारात ठेवून पोरीला शहाणी करायची, हे पाप की पुण्य ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर अप्पांना देवणीला जायचं होतं. त्यांची बहीण नीलाबाई तिथं असते, तिच्या नातवाचं बारसं. एसटी चुकली, आणि स्वतःच्या गाडीवरून त्यांच्या वेगानं गेले असते तर बारसं संपलं असतं. सुकन्या तिकडंच निघाली होती. अप्पा नाइलाजानं, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात झबल्याची पिशवी धरून, आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या मागं बसले. मुलीला धरायचं नाही म्हणून ताठ बसले होते असं ती म्हणाली.

वळण संपलं आणि पुढं रस्त्यावर सोयाबीन. वाळायला घातलेलं, अर्धा रस्ता अडवून, कडेनं धोंडे लावलेले, आणि मधोमध एक म्हातारी पायानं रास उलटत होती. उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं समोरून उसाचा ट्रॅक्टर. सोयाबीनवर ब्रेक म्हणजे पाटावर मोहऱ्या सांडून नाचणं. सुकन्यानं स्वच्छ डांबरावरच ब्रेक भरत नेला. अप्पांची टोपी उडून सोयाबीनवर पडली, अप्पा पोरीच्या हेल्मेटवर आदळले, आणि गाडी धोंड्याच्या दोन हात अलीकडं सरळ उभी राहिली. म्हातारीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मागून एक मोटारसायकलवाला येत होता. त्यानं मागच्या ब्रेकवर पाय रोवला. त्याची गाडी यांच्या शेजारून आडवी घसरत गेली आणि तो म्हातारीच्या पायाशी सोयाबीनमध्ये जाऊन बसला. खरचटण्यावर भागलं. आता मात्र म्हातारीनं बघितलं, आणि जे बोलली ते सुकन्यानं मला सांगितलं नाही.

अप्पा खाली उतरले. टोपी उचलली, झटकली. मग रस्ता बघितला. त्या माणसाच्या गाडीचा काळा पट्टा लांबलचक होता, यांच्या गाडीचा नव्हता. अप्पा परत आले, पुढच्या ब्रेकची मूठ हातानं दाबली आणि गुडघ्यानं गाडी ढकलून बघितली. चाक हललं नाही. सुकन्या समोरच उभी होती. अप्पा एवढंच म्हणाले, "चल."

पुढच्या रस्त्याला त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला होता. पण संध्याकाळी घरी आल्यावर गाडीची किल्ली खुंटीवर न टांगता स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकली.

सुकन्याचा मला फोन आला. "मामा, अप्पाला कळलंय. उद्या सकाळी तुमच्याकडं येनार हायत." मग म्हणाली, "सोमवारी माझ्या तेरा वस्त्या हायत. लस फ्रिजमधी हाय. गाडी गेली तर मी काय करू?"

 माझा तर गाळाच जायचा होता. पण खरं सांगतो, गाळ्याची नाही, त्या पोरीची काळजी जास्त वाटली. मी तिला थांबायला शिकवलं आणि त्यापायीच तिचं जाणं बंद व्हायची वेळ आली.

सकाळी अप्पा आपल्या गाडीवरून आले, नेहमीच्याच वेगानं. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कारण बातमीला कुणी ब्रेक लावत नाही. शेजारच्या चहाच्या टपरीवर मोंढ्यातले आठदहा जण वाट बघत होते. अप्पा, काय झालं म्हणून विचारलं सगळ्यांनी. अप्पांनी मला बघितलं, पाटीला बघितलं, मग टपरीकडं वळले. माझे हात तेलकट होते तरी मी ते जोडायच्या तयारीत होतो.

"पुढचा ढिला होता," अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हणून वाचलो. न्हाईतर दोघं बी कोलांटी खाल्ली असती."

माणसं माना डोलावायला लागली. तीस वर्षांचं मत एका सोयाबीननं बदलत नसतं, निदान चारचौघांत तरी नाही. चौघं तर उठून आपापल्या गाड्या आणायला गेले.

मग अप्पा माझ्याजवळ आले. स्वतःची गाडी स्टँडला लावली आणि पुढचं चाक दाखवायच्या निमित्तानं माझ्या शेजारी उकिडवे बसले. आवाज इतका खाली आणला की मलाच कान द्यावा लागला.

"सुकन्याच्या गाडीचा ढिला केलास, तसा ह्याचा कर."

मी पाना खाली ठेवला. "तसाच हाय, अप्पा. अकरा वरसांपासून."

 अप्पांनी टपरीकडं पाठ करून हात वर नेला, गरम तव्याला लावावीत तशी दोन बोटं मुठीला लावली आणि हळूच दाबली. मी इंजिनखाली ठोकळा सारून पुढचं चाक फिरवत होतो, ते थांबलं. त्यांनी सोडलं, परत दाबलं. तीस वर्षं जी गाडी चालवली तिचं हे चाक थांबतं हे त्यांना आज कळत होतं. तोंडावर राग होता की लाज, मला सांगता येणार नाही. डोळ्यांत मात्र पाणी होतं आणि ते त्यांनी तेलाच्या फडक्यानं पुसलं.

"लई लबाड हायस तू," ते म्हणाले. "दाबायचा कसा ते मी तिलाच इचारतो. तुझ्यावर माझा भरोसा न्हाई."

बंडीच्या खिशातून त्यांनी सुकन्याची किल्ली काढली, माझ्या पान्यांच्या डब्यात टाकली, आणि सोमवारच्या आत तिच्या गाडीचं ऑइल बदलून दे म्हणाले. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "झकास ढिला केलास, सटवाजी."

त्यांच्यामागं तोवर चार गाड्या रांगेत लागल्या होत्या.