न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती

मी एक जुना फळा आहे. वाचनालयाच्या दाराशेजारी, रस्त्याकडे तोंड करून मी टांगलेला असतो. सकाळी बाई येतात. बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्या कुलूप काढतात, पिशवी खुंटीला अडकवतात, बादलीत फडके बुडवून घट्ट पिळतात आणि मला वरून खाली पुसतात. आडवे पुसले की पांढरे ओघळ उरतात, हे त्यांना ठाऊक आहे. मी वाळेपर्यंत त्या पायऱ्या झाडून घेतात. मग खडूचे टोक दगडावर घासून वर नव्या पुस्तकाचे नाव लिहितात आणि त्याखाली आपले मत. शेवटी माझ्या चौकटीच्या सुतळीला दुसरा एक खडू बांधतात. तो वाचकांचा. ज्याला बाईंचे म्हणणे पटले नसेल, त्याने खाली आपले मत लिहावे.

मित्रांनो, अशा कितीतरी सकाळी मी सुखाने पाहिल्या. आज मात्र मी तुमच्याशी रागाने बोलणार आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी नेहमी गोडच बोलावे, असा काही नियम नाही.

मला बाईंच्या मामांनी बनवले. ते सुतार होते. भाची नोकरीला लागली तेव्हा एका मोडक्या कपाटाचे दार रंध्याने तासून, घासून, त्यावर काळ्या रंगाचे हात देऊन त्यांनी मला तिच्या स्वाधीन केले. तेव्हापासून मी बाईंचा आहे. भिंत तेवढी वाचनालयाची.

आमच्या बाईंना नव्या लोकप्रिय कादंबऱ्यांचे वेड आहे. खुनाचे तपास, प्रेमकथा, भुताच्या गोष्टी, चार-चार पिढ्यांच्या जाडजूड कहाण्या, जे बाजारात येईल ते त्यांना वाचायचे असते. अशा पुस्तकांना नाक मुरडणाऱ्यांचा त्यांना मनस्वी संताप येतो आणि वाचकाला कमी लेखून ती लिहिणाऱ्यांचा त्याहून जास्त. त्यांनी माझ्यावर लिहिलेले काही मला पाठ आहे. «खुनी शेवटून दुसऱ्या प्रकरणात पहिल्यांदा घरात येतो. ही वाचकाची फसवणूक आहे.» «नायिका डॉक्टर आहे, असे लेखक सांगतो. पुस्तकभर ती एकाही रुग्णाला तपासत नाही. आरशात मात्र वारंवार पाहते.» «चार पिढ्या आहेत आणि चारही एकाच आवाजात बोलतात.» आणि एका छोट्याशा, स्वस्त कागदावर छापलेल्या भुताच्या गोष्टीबद्दल: «जरूर न्या. भूत दिसत नाही, फक्त शेजारच्या खोलीत खुर्ची सरकते. वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरात एकटी गेले नाही.»

त्याखाली हरकतमास्तरांचे अक्षर ठरलेले. ते निवृत्त शिक्षक. प्रत्येक मतावर त्यांची हरकत असते, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले. डॉक्टर नायिकेच्या मताखाली त्यांनी लिहिले, «मग तिने भिंतीकडे पाहायचे का?» बाईंनी दाराआडून येऊन उत्तर लिहिले, «रुग्णाकडे पाहावे, मास्तर.» त्या दिवशी रस्त्यावरून जाणारे लोक माझ्यासमोर थांबून हसत होते. मधली काही वर्षे वाईट गेली. वाचक रोडावले, आणि माझ्यावर ‘आज पाणी येणार नाही’ एवढेच लिहिले जाई. पण बाईंनी मत लिहिणे पुन्हा सुरू केले आणि लोक परतले. फळ्यावर वाचून आत शिरणारे लोक होते ते.

बाईंचे दोन नियम मात्र पक्के. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज मत लिहायचे नाही. आणि दुसऱ्याने लिहिलेले मत, ते पुस्तक स्वतः वाचल्याखेरीज पुसायचे नाही.

मागच्या महिन्यात बहिणीच्या आजारपणासाठी बाई रजेवर गेल्या. तेव्हा वाचनालयाच्या कार्यवाहांनी खडू हातात घेतला. एका गाजणाऱ्या नव्या रहस्यकथेबद्दल त्यांनी माझ्या छातीवर लिहिले: «थरारक! रात्रभर जागून संपवली. शेवट तर अवाक करणारा!» समितीच्या दोघा सभासदांनी खाली ‘सहमत’ लिहिले. एवढ्यावर माझी काहीच तक्रार नव्हती. स्तुती करणे हा गुन्हा नव्हे.

बाई परतल्या त्या सकाळी त्यांनी ते वाचले आणि नियमाप्रमाणे पुसले नाही. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्या जवळच्याच दवाखान्यात परिचारिका आहेत. त्यांच्या वडिलांना दिसत नाही. रोज कामावरून आल्यावर त्या त्यांना एक प्रकरण वाचून दाखवतात. सिस्टरांनी ती रहस्यकथा टेबलावर जवळजवळ आपटलीच.

“शेवट अवाक करणारा म्हणे! झाले हो बाई मी अवाक.”

“काय झालं?”

“तपास अधिकारी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. पान उलटलं, तर पहिलं प्रकरण! परत तीच सकाळ, परत तोच दूधवाला.”

बाईंनी पुस्तक उघडले. मग कपाटातली दुसरी प्रत काढली. दोन्हींत तेच. बांधणी करताना शेवटच्या सोळा पानांच्या जागी पहिली सोळा पाने पुन्हा शिवली गेली होती. छापखान्यात होते अशी चूक.

“दुसरी प्रत मागवते मी, सिस्टर.”

“प्रतीचं जाऊ द्या.” सिस्टरांचा आवाज खाली आला. “नानांना सांगितलं, पुढची पानंच नाहीत. ते म्हणाले, फळ्यावर शेवटाचं एवढं कौतुक आहे, तूच मला सांगितलंस. आता पानं नाहीत कशी? कंटाळली असशील तर तसं सांग पोरी, पण मला दिसत नाही म्हणून पानं गाळू नकोस. चार दिवस झाले, ऐकायलाच बसत नाहीत.”

“ते मत माझं नव्हतं.”

“फळा तर तुमचाच ना?”

मित्रांनो, हा प्रश्न बाईंना होता, पण लागला मला. इतकी वर्षे खरे बोललो म्हणून एका आंधळ्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि पोटच्या मुलीवरचा काढून घेतला.

दुपारी कार्यवाह आले. बाईंनी त्यांना दारातच गाठले.

“साहेब, खून कोणी केला?”

“कसला खून?”

“तुम्ही रात्रभर जागून संपवलीत ना, त्या कादंबरीतला.”

“आता एवढं वाचतो माणूस, नावं कुठं लक्षात राहतात? धक्का बसतो, एवढं खरं.”

बाईंनी त्यांच्यापुढे पुस्तकाची शेवटची पाने धरली. कार्यवाहांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अहो, मागच्या पुठ्ठ्यावर छापलंय की तसं. प्रकाशक काय खोटं छापेल? आणि रविवारी लेखक येतायत आपल्याकडे. तोवर राहू द्या ते. कुणाचं काय बिघडलं?”

“एक म्हातारा माणूस मुलीला खोटारडी समजतोय.”

“मग त्याला दुसरं पुस्तक द्या!”

“मी हे पुसून खरं लिहिणार आहे.”

“नाही लिहायचं. या भिंतीवर काय राहील, ते समिती ठरवते, बाई.”

बाईंनी पुस्तक मिटले. मी मात्र आतून धुमसत होतो. वाईट पुस्तकाचा मला राग नाही. वाईट पुस्तकही कोणीतरी रात्री जागून लिहिलेले असते. चुकीच्या बांधणीचाही नाही. दमलेल्या हातांकडून चूक होते. राग आहे तो न वाचता डोलणाऱ्या मानांचा. त्या तिघा विद्वानांपैकी एकाने शेवटचे पान उघडले असते, तरी चूक त्याच दिवशी सापडली असती. ज्या लेखकाच्या स्वागताची त्यांना एवढी घाई, त्याचा शेवट वाचण्याइतकाही मान त्यांनी त्याला दिला नाही. मित्रांनो, पुस्तक आवडले नाही तर तसे सांगा. आवडले तर गावभर सांगा. पण आधी ते वाचा. तुमच्या एका उसन्या शब्दावर कोणाच्या घरातली संध्याकाळ अवलंबून असेल, हे तुम्हाला दिसत नसते.

संध्याकाळी बाई गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वाचनालयात गेल्या आणि त्या कादंबरीची पूर्ण प्रत आपल्या नावावर घेऊन आल्या. ती त्यांनी वाचून संपवली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी फडके भिजवले नाही. त्यांनी मला खिळ्यावरून उचलले. फिरायला निघालेले हरकतमास्तर थबकले.

“कुठं नेताय याला?”

“माझ्या घराच्या फाटकावर. भिंत समितीची आहे, फळा माझा.”

मास्तरांनी आयुष्यात प्रथमच हरकत घेतली नाही. त्यांनी माझी दुसरी बाजू धरली. “तोंड आतल्या बाजूला घ्या बाई. असलं काही घेऊन मला गावातून मिरवायचं नाही.”

बाईंच्या फाटकाला मला तारेने बांधण्यात आले. त्यांनी मला पुसले, वाळू दिले आणि लिहिले: «आमच्या वाचनालयातील दोन्ही प्रतींत या कादंबरीचा शेवट नाही. या फळ्यावर त्या शेवटाची झालेली स्तुती तो न वाचता केलेली होती. ज्यांनी ही कादंबरी कोणाला वाचून दाखवली, त्यांनी एकही पान गाळलेले नाही. पूर्ण प्रत माझ्याकडे मिळेल. कथा वेगाने चालते. शेवट बरा आहे. अवाक करणारा नाही.» खाली, प्रथमच, आपले नाव लिहिले.

रात्रपाळी संपवून सिस्टर त्याच रस्त्याने येत होत्या. त्यांनी वाचले, तशाच घरी गेल्या आणि वडिलांना हाताला धरून घेऊन आल्या.

“वाच,” नाना म्हणाले.

सिस्टरांनी वाचले. नाना मान खाली घालून ऐकत होते.

“ते पानांचं परत वाच.”

त्यांनी ते परत वाचले. नानांनी चाचपडत मुलीचा खांदा शोधला आणि हात तिथेच ठेवला.

बाईंनी पुस्तक सिस्टरांच्या हाती दिले, पदराने बोटांवरचा खडू पुसला आणि वाचनालय उघडायला निघून गेल्या.