बारा क्रूसांचं कहक

शेजारच्या हाज्जा सआदियाच्या घरच्या ईदच्या कहकवर, त्या तुपाच्या बिस्किटांवर, आपण एकटीने नक्षी उठवली, चारच्या चार पराती, आणि हाज्जा म्हणाली पोरीचा हात चलाख आहे, असं यूस्तिनाने दारातूनच सांगितलं. आठ वर्षांची पोर, कौतुकाने नुसती फुगली होती. तेरेझा हसली. मग पोरीने फ्रॉकच्या खिशातून आजोबांचा लाकडी शिक्का काढून टेबलावर ठेवला, आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं.

शिक्का चर्चच्या भाकरीचा होता. तेरेझाचे सासरे हयातभर प्रार्थनेची भाकरी भाजायचे, त्यांचाच. मधोमध मोठा क्रूस, भोवती बारा लहान.

"हा उठवलास?"

"मग? त्यांचा फुलाचा साचा मोडकाय. आपला बघ कसा ठसठशीत उठतो."

आता पोरीला काय बोलायचं? घरात ईस्टरआधीचा मोठा उपास, तुपाचा थेंब वर्ज्य, आणि शेजारी गल्लीभर तुपात भाजलेल्या पिठाचा घमघमाट. पोरांचा जीव तिकडे ओढणारच. नवरा वगीह म्हणाला होता, यंदा पाठवू नकोस. तेरेझानेच पाठवलं. गल्लीशी बोलणं तुटू नये, एवढंच तिला हवं होतं. महिन्यापूर्वी कुणीतरी आवई उठवली होती की वगीहचा भाऊ नव्या घराच्या माडीवर गुपचूप चर्च थाटतोय. तो बिचारा तिथे कोंबड्या पाळणार होता. पण तेव्हापासून वगीहच्या दुकानात ईदचे झब्बे शिवायला कुणी फिरकलं नव्हतं, आणि कोपऱ्यावरचा बक्र येता-जाता त्यांच्या दारापाशी थांबून वर बघायचा. कालव्यापलीकडच्या गावात असल्याच वावडीवरून चार घरं जळाली होती.

क्रूस झाकायला तिने पिठीसाखरेचा डबा काखोटीला मारला आणि गल्लीच्या भट्टीकडे धाव घेतली.

हाज्जा भट्टीबाहेर स्टुलावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, तिला नक्षी कुठली दिसायला. तेरेझाने कानाशी लागून सगळं सांगितलं. म्हातारी आधी खुदकन हसली, पोट धरून हसली. मग भट्टीपुढच्या बायकांच्या रांगेकडे तिचं लक्ष गेलं आणि हसू ओसरलं.

"देवाचं मी बघून घेईन गं," ती हळूच म्हणाली. "या मेल्यांचं काय करू? साखर आणलीस?"

पराती तेवढ्यात बाहेर आल्या. भट्टीवाल्याने नक्षी पाहिली आणि पराती भिंतीकडे, रांगेच्या नजरेआड सरकवल्या. भला माणूस. साखर कहक निवल्यावरच घालायची असते, हे तेरेझाला काय माहीत नव्हतं? पण मागून चार बायका आपापल्या पराती घेऊन पुढे सरकत होत्या. तिने गरम कहकवरच मुठीमुठीने साखर ओतली. क्षणभर सगळं पांढरं झालं. मग साखर तुपात विरघळली, खाचांत उतरली, आणि प्रत्येक क्रूस पांढऱ्या रेघेत आखल्यासारखा वर आला. आधी बरं दिसत होतं म्हणायची पाळी. हाज्जा म्हणत होती थांब, निवू दे, आणि तेरेझाचे हात थांबत नव्हते.

डबा रिकामा झाला तेव्हा बक्र शेजारी उभा होता. त्याने परातीतलं एक कहक उचललं. ईदच्या आदल्या दिवशी कुणीही कुणाच्या परातीतलं एखादं उचलावं, अशी रीतच आहे; पोरं तर तिथेच तोंडात टाकतात. बक्रने तोंडात टाकलं नाही. उलटसुलट करून बघितलं.

"यंदा नक्षी नवी दिसतेय, उम्म यूस्तिना," तो यूस्तिनाच्या आईला अगदी गोड आवाजात म्हणाला.

"पोरांनी केलंय रे, पोरंच ती," हाज्जा घाईघाईने म्हणाली. "खा आणि चालता हो."

"रोजा आहे की माझा, हाज्जा. मगरीबला, रोजा सुटायला, अजून वेळ आहे." त्याने कहक रुमालात बांधलं, खिशात ठेवलं आणि मशिदीच्या दिशेने निघून गेला. रांगेतल्या बायका तेरेझाकडे बघायच्या थांबल्या. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

हाज्जाने चारही पराती उचलून नेल्या आणि घरचं कहक घरातच संपवीन अशी शपथ घेतली. पण एक बाहेर गेलंच होतं. तेरेझाने वगीहला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सकाळी ईदची नमाज आटोपली. दरवर्षी या वेळी गल्लीत फुग्यांचा आणि पोरांचा नुसता गोंधळ. आज त्यांच्या दारासमोर एकही पोर नव्हतं. यूस्तिनाने कुणी अडवायच्या आत कडी काढली.

उंबऱ्याच्या बरोबर मधोमध एक कहक ठेवलं होतं. साखर पुसून काढलेली, क्रूस वर.

"आई, हे माझंच!" तिने उचललं आणि कचकन चावलं. उपासाचं तिला भानही नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. तेरेझाने तिला आत ओढलं, कडी लावली. वगीहने माळ्यावरची पिशवी आधीच खाली काढली होती. तो भावाला फोन लावत होता, आणि भाऊ उचलत नव्हता.

"माझे कपडे का भरताय?" पोर भरल्या तोंडाने विचारत होती. "हाज्जाकडे ईदी घ्यायला जायचंय ना आपल्याला?"