तेरा फुटी काठी

"अरे, ही काठी आहे की झेंड्याचा खांब?" ताईने विचारलं. "आपली नदी केवढीशी! इथे उभा राहून पलीकडचं गवत झोडपशील."

"झोडपू दे. तू माशी बांध."

ताई बारक्या गळावर पिसं बांधत होती. ही खोटी माशी पाण्यावर टाकून मासा फसवायचा, हाच भावाचा धंदा. तीस वर्षं तो पाहुण्यांना नदीवर नेत होता. लोक त्याला वाटाड्याच म्हणत. गेल्या मोसमात तो दगडावरून घसरला आणि उजवा खांदा कामातून गेला. हात छातीच्या वर उठेना. एका हाताच्या काठीने दोरी डोक्यावरून मागे भिरकावावी लागते, ते आता संपलं होतं. आज वाटाड्यांना परवाने देणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी परीक्षा घ्यायला येणार होता. एकट्याने मासा काठाला आणून दाखवला तर परवाना. नाहीतर परवाना गेला, आणि त्यासोबत मंडळाची ही नदीकाठची खोलीही.

म्हणून ही मोठ्या नद्यांवरची दोन हातांची काठी. हिची दोरी मागे जात नाही. समोरच्या पाण्यावरच तिला वळसा द्यायचा आणि खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढायची. वरचा हात नुसता टेकू. काठावर पाठीशी दाट झाडी, तिथे तर हिच्यासारखी दुसरी नाही. वाटाड्या महिनाभर झटला. मासे अंडी घालत होते, गळाला कालपर्यंत बंदी होती, म्हणून तो दोरीला लोकरीचा गोंडा बांधून सराव करी. पहिला आठवडा दोरी त्याच्याच मानेला गुंडाळली जाई. "मासा मोठा आहे, पण म्हातारा आहे," ताई म्हणे. मग एक दिवस दोरी सुटली ती सरळ, आणि पाण्यावर टेकली पान पडावं तशी.

"काय हो, डबक्यात जहाज?" सेक्रेटरी येताच म्हणाला.

वाटाड्या गुडघाभर पाण्यात उतरला. वळसा, ओढ. माशी पलीकडच्या कपारीला अलगद टेकली. सेक्रेटरीच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्या फेकीला काठी वाकली.

"लागला!" ताई काठावर टाळ्या वाजवायला लागली.

मासा दांडगा होता. वाटाड्याने त्याला दमवत जवळ आणला; पण जवळ म्हणजे तेरा फुटांवर. काठीच्या टोकापलीकडे तो घिरट्या घालू लागला. एवढ्या लांब काठीचा मासा हाताने धरता येत नाही. आपण मागे मागे काठावर चढत जायचं आणि त्याला उथळात ओढायचं. वाटाड्या मागे सरला. पाठ झाडीला टेकली. पुढे मासा, मागे फांद्या.

महिनाभर तो फेकायला शिकला होता. आणायला शिकलाच नव्हता. लोकरीच्या गोंड्याला कुठला मासा लागतो?

त्याने काठी डाव्या हातात धरली आणि उजवा हात दोरीकडे नेला. हात छातीशीच थांबला. पुन्हा नेला. दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं. ताई जाळी घेऊन धावली.

"ताई, तुम्ही नको. एकट्याने आणायचाय," सेक्रेटरीने तिला अडवलं.

"साहेब, एक मोसम द्या," वाटाड्याचा आवाज फाटला. "पाया पडतो. मी शिकतो हे."

"उद्या पाहुणा वाहून गेला तर कुठल्या हाताने ओढणार?" सेक्रेटरी म्हणाला, पण खाली बघून.

तेवढ्यात मासा थकून कुशीवर झाला. पांढरं पोट दिसलं. आणखी थोडा वेळ ताणला असता तर कदाचित सापडलाही असता, मेलेला. 'कुशीवर झाला की सोडायचा,' हे त्याने स्वतः किती पाहुण्यांना दटावून सांगितलं होतं.

"ओढ रे, ओढ!" ताई ओरडली.

वाटाड्याने काठी खाली केली. दोरी सैल पडली, उलटा काटा नसलेला गळ निसटला. मासा क्षणभर तसाच तरंगला, मग शेपटी हलवून खोल गेला.

सेक्रेटरीने परवान्याचा कागद सही न करताच बॅगेत सरकवला. त्याची गाडी पलीकडच्या रस्त्यावर होती. पुलाचा फेरा वाचवायला त्याने घाईने पाण्यात पाय टाकला आणि तोल गेला.

"तिथून नको," वाटाड्या म्हणाला. काठी ताईकडे देऊन तो पुढे झाला आणि डावा हात मागे केला. "धरा. मी पाय टाकतो तिथेच टाका. मधे शेवाळ आहे."

सेक्रेटरीने हात धरला. एकेक दगड दाखवत वाटाड्या त्याला पलीकडे घेऊन गेला.