सूर्याच्या देवी

गुणवंतरावांच्या सायकलची घंटी वाजली आणि टोल्यावरच्या, त्या दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीवरच्या, बायांनी पोरं काखोटीला मारून जंगल गाठलं. ते सरकारी देवी टोचणारे होते आणि चांदा जिल्ह्यात अकरा वर्षं हेच चालू होतं. १९५७च्या दिवाळीनंतर धानोऱ्याकडच्या या टोल्यावर त्यांच्या स्वागताला उरले ते दोन कोंबड्या आणि शाळेचे लटारू मास्तर.

मास्तरांनी अंगणात खाटेला दुर्बीण बांधून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं होतं. बिंबावर काळे ठिपके दिसत होते. यंदा जगभरचे शास्त्रज्ञ सूर्यावर डोळा ठेवून आहेत, असं मास्तरांनी सांगितलं. या डागांपाशी मोठ्या ज्वाळा उसळतात आणि इथली बिनतारी यंत्रं मुकी होतात. कालच एका पोलीस ठाण्याचं यंत्र भरदुपारी अर्धा तास बंद पडलं होतं.

गुणवंतराव बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिले. नोकरीत ते कधी खोटं बोलले नव्हते. तशी संधीच आली नव्हती. झाडांआडून डोकावणाऱ्या बायांना त्यांनी हाक मारून कागद दाखवला.

"पाहा, सूर्याले देवी निघाल्या. त्यानं टोचून घेतलं नोतं."

मास्तर नुसते खाकरले. सूर्याची ही गत, तर आपली काय, म्हणत बाया पुढे आल्या. संध्याकाळपर्यंत अठरा पोरं टोचून झाली. परतताना गुणवंतराव सायकलवर गाणं म्हणत होते, ते नाल्यात पडेपर्यंत.

आठ दिवसांनी ते टोचल्यावर आलेले फोड तपासायला आले, तर बिंब स्वच्छ. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्यासंगं डागही पाठीमागं गेले, असं मास्तर त्यांच्या कानात पुटपुटले. गुणवंतरावांनी बायांना सांगितलं, सूर्य बरा झाला. कोणीतरी त्यांना नव्या धानाचे पोहे दिले.

उरलेली पोरं टोचायला ते पुन्हा आले, तोवर पहिल्या भेटीला सत्तावीस दिवस झाले होते. ठिपके परत आले होते. आजवर ओसरीवरून न उठलेली म्हातारी बुधरी त्या दिवशी कागदापाशी येऊन उभी राहिली. तिचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं.

"भाऊ, देवी एकदाच येते," ती म्हणाली. "मले लहानपणी आल्या. मंग माह्या दोन पोरींले आल्या, तवा मी त्यायच्या उशाशी बसून राह्यली. पोरी गेल्या, मले काई झालं नाई. ह्या देवी नाईत."

सगळा टोला ऐकत होता. आता पुन्हा जंगल, असं गुणवंतरावांना वाटलं.

"नाई बाई," ते म्हणाले. "नुसते डाग आहेत. मी खोटं बोललो."

हीच परवानगी समजून मास्तरांनी सूर्यावरच्या डागांची माहिती सुरू केली. कोणी ऐकली नाही.

"खरं काऊन नाई सांगतलं?" बुधरीनं विचारलं. "टोचलं तर पोर जगते, एवढंच तं सांगाचं होतं."

गुणवंतरावांनी आठवून पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी प्रत्येक गावात 'सरकारचा हुकूम आहे' एवढंच सांगितलं होतं. मग त्यांनी पहिल्यांदाच, अडखळत, टोचल्यावर अंगात काय होतं ते सांगितलं. बुधरी मान डोलावत राहिली. तिला ते आधीच ठाऊक असल्यासारखं.

ती घरात गेली आणि दोन वर्षांच्या नातीला, सुकरीला घेऊन आली. दुर्बीण सोडून बाजूला ठेवली, खाटेवर बसली, पोरीचा दंड उघडा केला. सुकरीनं भोकाड पसरलं. बुधरीनं तिच्या डोळ्यांवर तळवा धरला आणि स्वतः मात्र सुईकडे बघत राहिली.