तक्त्याची मागची बाजू

"बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह दिसतंय का?" जिन्यावरून लेकीचा आवाज आला.

"दिसतंय की," काका म्हणाले.

काकांना चिन्ह दिसत नव्हतं. खरं तर डोक्यावर गरगरणारा खराखुरा पंखाही दिसत नव्हता. वारा येतोय म्हणजे तो असणार, एवढाच त्यांचा अंदाज. समोरच्या जुन्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांना दुधात बुडवलेल्या खिडकीसारखा दिसत होता. एरवी यात विशेष काही नाही, वय झालं की असं होतं. पण काका चष्मेवाले होते.

सगळी गल्ली त्यांना 'चष्मेवाले काका' म्हणायची. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. दुकानात एक उंच खुर्ची आणि तिच्यासमोर भिंतीवर पत्र्याचा तक्ता: सगळ्यात वर ताटाएवढं अक्षर, सगळ्यात खाली मुंग्यांएवढ्या अक्षरांची ओळ. गल्लीतल्या यच्चयावत नाकांची मापं काकांच्या बोटांना पाठ होती. अशा माणसाला मोतीबिंदू व्हावा म्हणजे टकल्यानं केस वाढवायचं तेल विकण्यातलाच प्रकार. त्यातही टकल्याला टोपी तरी घालता येते.

गंमत अशी की काम अडत नव्हतं. डोळे तपासायला तपासणाऱ्याला दिसावं लागतं, हा लोकांचा गैरसमज आहे. काका गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायचे, पेटीतून बोटांनी चाचपत क्रमानं एकेक काच काढून तिच्यात सरकवायचे आणि विचारायचे, "हे बरं की हे बरं?" गिऱ्हाईक सांगायचं. काका "हं" म्हणायचे. जो म्हणेल "दोन्ही सारखंच", त्याला काका हळूच सांगायचे, "आता काचेनं व्हायचं नाही. डॉक्टरकडे जा," आणि त्याचा हात आपल्या कोपरावर घेऊन त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायचे.

तक्ता त्यांना झोपेतही येत होता, त्यामुळे कोण कुठलं अक्षर चुकलं ते बरोबर कळायचं. लबाडही कळायचे. बाकावर नंबर लागेपर्यंत तक्ता पाठ करून ठेवणारे महाभाग असतात, विशेषतः ज्यांना गाडीचं लायसन हवं असतं ते. ते खुर्चीत बसून धडाधड म्हणायला लागले की काका उठायचे, खिळ्यावरून तक्ता काढायचे आणि उलटा लावायचे. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. "पाठांतर शाळेत. इथे फक्त दिसतं तेवढंच बोलायचं," ते म्हणायचे. महाभाग गप्प व्हायचा.

भानगड झाली ती मागच्या आठवड्यात. पोस्टमनचा चष्मा गेला शिंप्याकडे आणि शिंप्याचा पोस्टमनकडे. दोघांपैकी कुणीही तक्रार केली नाही, कारण नव्या चष्म्याला डोळे सरावावे लागतात, असं काकांनीच सांगितलं होतं. दोघेही इमानेइतबारे सरावत राहिले. पोस्टमननं बँकेची पत्रं पिठाच्या गिरणीत टाकली. शिंप्यानं एका गृहस्थाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, आणि ते गृहस्थ तोच शर्ट घालून लग्नाला जाऊन आले. शेवटी एका दुपारी चहा पिताना दोघांनी टेबलावरचे चष्मे चुकून अदलाबदल करून उचलले आणि दोघांनाही एकदम जग दिसलं.

"डब्या बदलल्या गेल्या," काका म्हणाले.

काकू काहीच म्हणाल्या नाहीत. काकूंचं काहीच न म्हणणं हा वेगळा आजार होता आणि त्यावर काकांकडे काच नव्हती.

आणि आता हे वायफायचं प्रकरण. लेक पाय मोडून माहेरी आली होती. पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप. जेवणानंतर तिची मोठ्या साहेबांशी मीटिंग होती, आणि तिच्या मते त्या मीटिंगमध्ये तिची किंवा साहेबांची, अशी एक नोकरी नक्की जाणार होती. मोबाइलला रेंज यायची ती फक्त न्हाणीघराच्या खिडकीत. बादलीवर बसून नोकरी वाचवायची तिची तयारी नव्हती. म्हणून वायफाय. आणि वायफायचा पासवर्ड काकू विसरल्या होत्या.

"मला बाई आठवत नाही," त्या म्हणाल्या.

काकांना याचंच सकाळपासून कुतूहल वाटत होतं. कुणाच्या लग्नात कोण कुठल्या कारणावरून रुसलं होतं आणि समजूत काढायला कोण गेलं नव्हतं, हे काकूंना तोंडपाठ. त्या पासवर्ड विसरतात? स्वतः ठेवलेला?

लेकीनं आधी स्वतःचं नाव टाकून पाहिलं. चुकीचं निघालं. ती जरा हिरमुसली. मग भावाचं नाव टाकलं. तेही चुकीचं निघालं, तशी तिची कळी थोडी खुलली. मग आई-बाबांच्या लग्नाची तारीख टाकायची ठरली, तेव्हा काकांनी एक तारीख सांगितली, काकूंनी दुसरी, आणि तो विषय तिथेच मिटवण्यात आला.

"जाऊ दे," लेक म्हणाली होती. "दुकानातला जुना कॉम्प्युटर आपोआप जोडला जातो ना? मग त्याला पासवर्ड माहितीये. त्यालाच विचारू."

"तो सांगेल?" काकांनी विचारलं.

"नीट विचारलं तर सांगेल. मला जिना उतरता येत नाही. मी वरून सांगते, खाली कुणीतरी बसा."

काकांनी काकूंकडे पाहिलं. म्हणजे काकू जिथे असतात त्या दिशेला पाहिलं. दुकानाचा कॉम्प्युटर नेहमी काकूच चालवायच्या.

"माझे हात ओले आहेत," काकू म्हणाल्या. त्या खरंच दुकानाच्या कोपऱ्यात पाण्याच्या चाकावर चष्म्याची काच घासत बसल्या होत्या. "तुम्हीच बसा."

म्हणून काका बसले होते, आणि लेक पुढच्या पायरीवर गेली होती. कॉम्प्युटरच्या, जिन्याच्या नव्हे.

"त्या चिन्हावर उजवं बटण दाबा. आलं काही?"

"आलं."

"काय आलं?"

"जे यायचं ते."

तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर खाकरून जागा झाला. बऱ्याच दिवसांनी आपल्यावर काम सोपवलं गेलंय, हे लक्षात येताच त्यानं भावनेच्या भरात एक कोरा कागद बाहेर टाकला.

"तो कसला आवाज?"

"खोकला," काका म्हणाले. कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही.

"अजून खाली घ्या बाण," काकू म्हणाल्या. चाक फिरत होतं, मान काचेवरच होती. "उजवीकडे. जरासं. हां. आता दाबा."

काकांनी दाबलं. वरून लेकीनं जे जे सांगितलं होतं तसंच काहीसं उघडलं असावं, कारण काकू म्हणाल्या, "आता मधलं. आता वरचा दुसरा टॅब."

चाकाकडे बघत बसलेल्या बाईला बाण कुठे आहे ते कसं कळतं? काकांचं कुतूहल आता घशाशी आलं. चाकासमोर चष्मे घालून बघायचा आरसा होता, आणि काकूंनी तो आज सकाळीच कॉम्प्युटरच्या दिशेनं तिरका करून ठेवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आता बघा हं बाबा, पासवर्डच्या जागी काळे ठिपके आहेत ना?"

"आहेत."

"त्यांच्या खाली लहानसं चौकोनी खोकं आहे, 'शो कॅरेक्टर्स'. त्यावर टिक करा. ठिपक्यांची अक्षरं होतील. ती मला मोठ्यानं वाचून दाखवा."

"थोडं डावीकडे," काकू म्हणाल्या. "दाबा."

काकांनी दाबलं.

"झाली अक्षरं?"

"झाली."

"वाचा!"

चाक थांबलं. इतका वेळ काकांनी जे जे दिसतंय म्हटलं होतं, ते सगळं निभावलं होतं. पण 'दिसतंय' म्हणून अक्षरं वाचता येत नाहीत. हे लबाडांना सांगत त्यांनी आयुष्य काढलं होतं. आता नाही वाचलं, तर लेक विचारणार का नाही वाचलं. मग डोळे, मग डॉक्टर, मग गल्ली, मग पाटी उतरवायला शिडी.

"बाबा? साहेब पंधरा मिनिटांत येतायत!"

काका पुढे झुकले. आणखी झुकले. नाक पडद्याला लागलं. एका डोळ्याच्या एका कोपऱ्यातून, दुधातून साय बाजूला सारावी तसं, एक अक्षर कसंबसं वर आलं.

"टी," काका म्हणाले.

"टी. पुढे?"

नाक थोडं सरकलं. "झेड."

"झेड. पुढे?"

तिसऱ्या अक्षरासाठी काकांनी नाक उचललं, पण ते परत टेकवलंच नाही. ते खुर्चीत ताठ झाले, आणि त्यांच्या तोंडून भिंतीवरच्या घड्याळासारखं आपोआप बाहेर पडलं, "व्ही, ई, सी, एल, ओ, एच."

"सगळी कॅपिटल?"

"तक्त्यावर दुसरी असतात का कधी?"

"कुठल्या तक्त्यावर?" लेकीनं विचारलं, पण उत्तराची वाट न बघता ती ओरडली, "लागलं! बाबा, लागलं! ग्रेट आहात तुम्ही!" आणि वरचं दार आपटलं.

खाली दोघेच उरले.

"अगं," काका म्हणाले.

"काय?"

"ही आपल्या तक्त्याची शेवटची ओळ आहे."

"हो का?"

"कधी ठेवलीस?"

काकूंनी ओले हात पदराला पुसले. "तुम्ही आरशातल्या माणसाला 'या, बसा' म्हणालात ना, त्या संध्याकाळी."

काकांना तो माणूस आठवला. भलताच शिष्ट वाटला होता. दोनदा सांगूनही बसला नव्हता.

"म्हटलं, मी कधी घरात नसले आणि लागलाच पासवर्ड, तर तुम्हाला न बघता टाकता यावा. तुम्हाला न बघता म्हणता येईल अशी दुसरी ओळ मला माहीत नव्हती."

एवढे दिवस ते एकटेच लपवत आहेत असं त्यांना वाटत होतं. लपवायला घरात आणखी एक माणूस होतं, आणि त्याचं काम जास्त सफाईदार होतं.

"मग आज विसरले का म्हणालीस?"

"शर्टाचं मी हसण्यावारी नेलं असतं," काकू म्हणाल्या. "दोन डाव्या बाह्यांनी कुणी मरत नाही. पण त्या सहा दिवसांत पोस्टमन एकदा ट्रकखाली येता येता वाचला. त्याला ट्रक लांब वाटला. तुम्हाला हे सांगायला तो दुकानात आला होता. मी दारातूनच परत पाठवला."

काकांचा हात माउसवरून उठला आणि कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"लेकीला सांगितलंस?"

"नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं. आता उठा. खुर्चीत बसा."

"कुठल्या?"

"लोकांना बसवता त्या."

काका बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसले. खुर्ची पाठीला टोचत होती. एवढी वर्षं लोक यावर बसून गेले आणि एकानंही सांगितलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. काकूंनी ती जड चौकट त्यांच्या नाकावर चढवली. दांड्या कानामागे बसवताना त्यांची बोटं गार लागली.

"वाचा," काकू म्हणाल्या.

काका वाचू लागले. ताटाएवढ्या अक्षरापासून सुरू केलं, आणि एकही अक्षर न चुकता, ओळीमागून ओळ, थेट टी, झेड, व्ही, ई, सी, एल, ओ, एच. शेवटाला तर आवाज थोडा चढलाही.

पत्रा भिंतीला घासल्याचा आवाज झाला. तो आवाज काकांना चांगला ओळखीचा होता. तक्ता खिळ्यावरून निघाला, फिरला आणि पुन्हा खिळ्यावर बसला.

"पाठांतर शाळेत," काकू म्हणाल्या. "इथे फक्त दिसतं तेवढंच बोलायचं."

मागची बाजू काकांनी कधी पाठ केली नव्हती. ती लबाडांसाठी होती.

वरून लेकीचा बदललेला, साहेबांपुढचा आवाज आला, "हॅलो? सर, मी दिसतेय ना तुम्हाला?"

"नाही दिसत," काका हळू म्हणाले.

काकूंनी पेटीतून एक काच काढून चौकटीत सरकवली. मग दुसरी. "हे बरं की हे बरं?"

काकांनी दोन्ही नीट पाहिल्या. घाई केली नाही. चाळीस वर्षं लोक विचार करून सांगत आले होते, आपणही विचार करून सांगावं, असं त्यांना वाटलं.

"दोन्ही सारखंच," ते म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या.

त्यांनी चौकट उतरवली, काचा पुसल्या, पेटीत ज्याच्या त्याच्या जागी ठेवल्या. मग खुर्चीच्या बाजूला येऊन, कोपर किंचित पुढे करून त्या उभ्या राहिल्या. काकांनी हात पुढे केला. कोपर शोधावं लागलं नाही. ते नेमकं कुठे असेल, हे त्यांना पाठ होतं.