हरेश्वरांच्या जन्माआधीचं देऊळ

संगणकावर इतिहासाचा तास नीट पार पडला, तर भाऊराव सरांना पर्यवेक्षकपद मिळणार होतं. म्हणजे रोज सहाऐवजी दोनच तास, स्वतःचं टेबल, शिवाय शिपायाने आणून दिलेला चहा. सौदा वाईट नव्हता. शुक्रवारी शिक्षणाधिकारी बघायला येणार होते.

१९८६ साली अंधेरीच्या त्या शाळेत सरकारी योजनेतून एकुलता एक संगणक आला होता. घटना आणि साल भरलं की तो क्रमाने यादी लावून द्यायचा. सरांनी नववीच्या मुलांना जवळच्या कोळीवाड्याचा इतिहास गोळा करायला लावला. यंत्राला सालाचे चार आकडे पुरतात, बाकी पाल्हाळ नको, अशी ताकीदही दिली.

बुधवारी यादी पडद्यावर आली आणि सरांनी चष्मा पुसला. देऊळ बांधलं १८०७. ते बांधणारे हरेश्वर, वर्गातल्या जयाचे पणजोबा, जन्मले १८५९. म्हणजे गृहस्थ जन्माच्या बावन्न वर्षं आधीच विटा रचत होते. सरांनी यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. जया म्हणाली, देवळाचं साल दगडावरून उतरवलंय, जन्माचं घरातल्या तसबिरीखालून. सरांचं डोकं चालेना. मुख्याध्यापक चंद्रप्रकाशांनी निकाल दिला की यंत्र खोटं बोलत नाही, माणूसच काढा. सरांनी हरेश्वरांचं नाव वगळलं. यादी झकास जुळली. अधिकारी खूश झाले, इतर शाळांना नमुना म्हणून तिची प्रत घेऊन गेले.

शनिवारी जयाची आई सगुणा मासळीची पाटी फाटकाशी ठेवून वर आली.

“मास्तर, आमच्या आजेसासऱ्यांचं देऊळ कुणाला देऊन टाकलंत?”

आकडेच जुळत नाहीत, असं सरांनी समजावलं.

“दगडावर शके लिवलंय. पोर लिवत होती, तर तुम्हीच निस्ते आकडे मागितले ना?”

सरांनी ओठांतल्या ओठांत शके १८०७ मध्ये अठ्ठ्याहत्तर मिळवले. इसवी सन १८८५. हरेश्वर तेव्हा सव्वीस वर्षांचे. वीस वर्षं हेच गणित फळ्यावर शिकवलं होतं, आणि यंत्रासमोर बसल्यावर आठवलं नव्हतं.

त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं. चंद्रप्रकाश म्हणाले, “पाठवा, पण मग पद विसरा.”

थोडा वेळ पाकीट हातात फिरवून सरांनी ते टपालपेटीत टाकलं.

पर्यवेक्षक झाले चित्रकलेचे काशीराम. हरेश्वरांना देऊळ परत मिळालं, यंत्राची अब्रू राहिली, मुख्याध्यापकांना तर काहीच झालं नाही. किंमत मोजली ती एकट्या भाऊरावांनी.