उणकलातली कन्नडबंदी

स्मृतीला तिसरं सरून चौथं लागलं तरी ती बोलेना, तेव्हा घरात सल्ल्यांचा पूर आला. धारवाडजवळच्या उणकलच्या नव्या वसाहतीत शेजारी कमी आणि सल्ले जास्त. पण निकाल दिला तो आजोबांनी, बाळाचार्यांनी. धारवाडच्या हायस्कुलात जन्मभर व्याकरण शिकवलेला माणूस. नातीच्या मौनाचं कारण त्यांना चहा निवायच्या आत सापडलं.

"दोन भाषा! आपण मराठी बोलायचं, दारात येईल तो कन्नड बोलायचा. पोरीनं उचलायची कुठली? आजपासून घरात कन्नड बंद."

"एकदा कान तपासून घेऊ या का, अप्पा?" सून दीपश्री म्हणाली.

"दार आपटलं तरी दचकते की ती! कान थेट माझ्यासारखे आहेत तिचे."

दिसायला होतेही.

कन्नड बंद झालं, पण भाजीवाल्या दुर्गव्वाला मराठी येत नव्हतं. मग बाळाचार्य तिच्याशी खुणांनी घासाघीस करू लागले. दोन्ही हात आभाळाकडं केले की फार महाग. नाक दाबून मनगट झटकलं की वांगी सडकी.

"निम्म मावग एनाग्यादवा?" सासऱ्यांना काय झालंय, असं दुर्गव्वानं काळजीनं विचारलं. दीपश्रीलाही कन्नड बंदच. तिनं नुसतं कानशिलापाशी बोट फिरवलं. त्या दिवशी दुर्गव्वानं कोथिंबीर फुकट दिली.

आणि स्मृती खुलली. आजोबांच्या हातांकडं टक लावून बघता बघता तिनं उपमा सडका ठरवला, अंघोळ महाग ठरवली, पाहुणा म्हणून आलेल्या मामाला नाक दाबून परत पाठवायला काढलं. आजोबा-नात दुपारभर एकमेकांना वांगी नाकारत बसायची. एवढ्या गप्पा आयुष्यात कुणाशी झाल्याचं बाळाचार्यांना आठवेना.

तिथंच त्यांच्यातला मास्तर जागा झाला. खुणांवर भागतंय म्हटल्यावर पोर जिभेला कष्ट देईल कशाला? त्यांनी खुणाही बंद केल्या. तिनं हात हलवले की ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. काही दिवस ती मागून त्यांचा सदरा ओढायची. मग ओढेनाशी झाली.

"लागली शिस्त," ते म्हणाले.

सत्त्याण्णव साली, ती सहा वर्षांची असताना, शाळेत मुलांच्या तपासणीचं शिबिर भरलं. आजोबाच तिला घेऊन गेले. तपासणाऱ्या बाई एकेका मुलाला भिंतीकडं तोंड करून बसवायच्या आणि मागं डफ वाजवायच्या. आधीची सगळी पोरं वळली होती. स्मृती वळली नाही.

"आज्ञाधारक आहे," बाळाचार्यांनी खुलासा केला.

बाईंनी पुन्हा वाजवला, जोरात. बाळाचार्यच दचकले.

"आजोबा, तिला ऐकू येत नाही. दार आपटलेलं तिला फरशीतून कळत असणार. लहानपणीच कानाला यंत्र बसलं असतं तर फार फरक पडला असता. इतकी वर्षं तुम्ही तिच्याशी बोलत कसे होता?"

बाळाचार्यांना कर्ता सापडला, कर्म सापडलं. क्रियापद काही सापडेना.

घरी येऊन ते पायरीवर नातीसमोर बसले. माफी मागायची होती. पण त्यांच्या खुणा सगळ्या भाजीच्या. त्यांत माफी नव्हती. बराच वेळ विचार करून त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, नाक दाबलं आणि मनगट झटकलं.

स्मृतीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग आजोबा हे कुणाला सांगताहेत म्हणून मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.